‘आमच्या घरून एक कोयता जातो’

ताई, नमस्कार.

मी सत्तावीस वर्षांची आहे, बीड जिल्ह्यातल्या एका गावची. समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय आहे ऊसतोड कामगार कुटुंबांतल्या बायका. आमच्या घरून एक कोयता जातो, या वर्षीही दिवाळीनंतर गेला आहे. लहानपणी मी चार हंगाम आईवडिलांबरोबर खोपीत काढले, मग आजीजवळ राहून शिकले. माझ्या काकूची गर्भपिशवी एकतिसाव्या वर्षी काढली. पहिल्या प्रकरणात मी ते लिहिलं, तर माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो परिच्छेद लाल शाईने खोडला आणि समासात लिहिलं, ‘भावनिक. संशोधक वस्तुनिष्ठ असावा.’ तू विषयाच्या फार जवळ आहेस, विषय बदलायचा विचार कर, असंही म्हणाल्या. माझा एक मित्र याच्या अगदी उलट बोलतो. त्याच्या मते ज्यानं भोगलं त्यानंच लिहावं, बाकीच्यांना अधिकारच नाही. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं आणि रात्री झोप लागत नाही. मोठमोठ्या समाजशास्त्रज्ञांच्या विचारांत त्यांचं आयुष्य येत नाही का? त्यांना ते चालतं, मग मला का नाही? मी विषय बदलू का?

— एक संशोधक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

विषय बदलू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तुला शांतपणे वाचता येईल.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडकले. ‘आमच्या घरून एक कोयता जातो.’ तू हे सहज लिहून पुढे गेलीस. पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल, घरातलं एक हत्यार कुठेतरी गेलं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे त्याला माहीत नसतं. एकटं माणूस गेलं तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, हिशेब होतो तो कोयत्याचा, आणि पैसे बहुतेक वेळा पडतात नवऱ्याच्या हातात. पहाटे थंडीत फडात उतरणारी, दिवसभर मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी तुझी आई त्या शब्दात आहेही आणि नाहीही. तिची वेगळी मोजणीच होत नाही.

तुझ्या मॅडमना हा शब्द प्रश्नावलीत घालायचं कदाचित सुचलं नसतं. तुला तो घरातल्या तांब्याभांड्याइतका ओळखीचा, म्हणून तू लिहिलास. पण तुझा विषय बायकांचा, आणि त्या वाक्यात आई दिसेनाशी झाली हे तुझ्या लक्षात आलं नाही. दोष काढायचा म्हणून हे लिहीत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या एका वाक्यात सापडलं, म्हणून लिहिते. बाहेरच्या माणसाला जो शब्द मिळायला वर्ष गेलं असतं, तो तुझ्या आयुष्यानं तुला फुकट दिला. आणि वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झाला होता, की आत काय आहे ते चाचपून बघावं असं तुला वाटलंच नाही.

थोरांचं आयुष्य त्यांच्या विचारांत येतं का, असं तू विचारतेस. येतं. पण कसं येतं, ते नीट बघायला हवं. तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

बाबासाहेबांपासून सुरुवात करू. 1901 सालची गोष्ट. आई नव्हती, वडील नोकरीच्या गावी होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायला भीमराव, भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून निघाली. अंगात नवे कपडे, जवळ प्रवासाला पुरतील एवढे पैसे. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणीच आलेलं नाही. स्टेशनमास्तरनं आधी मायेनं चौकशी केली. मुलं महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरकला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं पायी चालायचं, अशा अटीवर एक जण निघाला. मुलांजवळ जेवण होतं, पण घासाबरोबर प्यायला पाणी नव्हतं. जकात नाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागून पाहिलं, तरी मिळालं नाही. डबा भरलेला आणि मुलं उपाशी झोपली. हा प्रवास बाबासाहेबांनी फार पुढे, 1930च्या दशकात लिहून काढला.

आता पंधरा वर्षं पुढे ये. 9 मे 1916. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे आंबेडकर जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचतात. तो निबंध मराठीतही मिळतो, या आठवड्यात पुन्हा वाच. त्यात मसूर स्टेशन नाही, ती तहान नाही, ‘मी’ म्हणून काही नाही. तहानलेल्या मुलानं मोठेपणी पाण्यावर, शिवाशिवीवर लिहिलं असेल असं आपल्याला वाटतं. ते लिहितात लग्नावर. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असं म्हणतात आणि मग एक हिशेब मांडतात. जातीबाहेर लग्न करायचंच नाही असं ठरलं, तर जातीत लग्नाच्या वयाचे पुरुष आणि बायका सारख्या संख्येनं राहायला हव्यात. नवरा मेला की एक बाई जास्तीची होते. तिचं काय करायचं? सती पाठवायची, नाही तर जन्मभर विधवा ठेवायची. बायको मेली की एक पुरुष जास्तीचा होतो. त्याला बायको द्यायची तर अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी शोधायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही गोष्टी एकाच गरजेतून कशा निघतात, ते पंचवीस वर्षांचा माणूस परक्या देशात शांतपणे मांडतो. काहींनी दार आतून लावून घेतलं, बाकीच्यांना ते बंद असलेलं आढळलं, असंही एका ठिकाणी म्हणतो.

ज्याच्यासमोर लहानपणीच दारं बंद झाली, तोच माणूस दार बंद कसं होतं हे विचारायला बसेल, हे मला पटतं. प्रश्न त्यांना आयुष्यानं दिला. उत्तर मात्र मसूर स्टेशनवर पडलेलं नव्हतं. ते त्यांना ग्रंथालयात, इतरांचे सिद्धांत खोडताना, आपल्या दुःखापासून बरंच दूर जाऊन, बायकांच्या जिण्याकडे बघताना सापडलं. जातीचं मूळ वंशात शोधणाऱ्या युरोपीय विद्वानांनाही त्या निबंधात उत्तर आहे. आणि ते प्रवासाचं लिखाण त्यांनी फाडून टाकलं नाही, वेगळं ठेवलं. दोन्ही कागद त्यांचेच.

हे वाचल्यावर तुझ्या मॅडम म्हणतील, मग मी तरी वेगळं काय सांगत होते? त्यांचं थोडं खरं आहे. पण ‘संशोधक वस्तुनिष्ठ असावा’ असं नुसतं समासात लिहून भागत नाही. वस्तुनिष्ठतेच्या बाबतीत जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचं नाव नेहमी घेतात. 1897च्या उन्हाळ्यात आईवरून वेबरचं वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं आणि काही आठवड्यांतच वडील वारले, समेट न होता. त्यानंतर वेबर असा आजारला, की त्याला शिकवणं अशक्य झालं. 1903 साली त्यानं प्राध्यापकाची जागाही सोडली. आई अत्यंत धार्मिक, कर्तव्याला देव मानणारी. या माणसानं आजारातून उठताना, 1904-05 साली, कशावर लिहावं? युरोपातल्या एका पंथाच्या लोकांना काम न करता बसणं पाप का वाटू लागलं, आणि त्याचा भांडवलशाहीशी काय संबंध, यावर. भांडणातून सिद्धांत निघाला असं मी म्हणणार नाही, तेवढा सरळ धागा कोणाच्याच आयुष्यात नसतो. पण त्याच 1904 साली त्यानं वस्तुनिष्ठतेवर जो लेख लिहिला, त्यात हे स्वच्छ आहे, की कोणता प्रश्न अभ्यासाच्या लायकीचा हे अभ्यासक आपल्या मूल्यांवरूनच ठरवतो. 1917 साली म्युनिकच्या व्याख्यानात त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. शिक्षकाचं पहिलं काम म्हणजे विद्यार्थ्यांना गैरसोयीची तथ्यं मान्य करायला शिकवणं. आपल्या पक्षाला, आपल्या मताला अडचणीची होतील ती तथ्यं.

तुझ्यापुरतं बोलायचं तर माझी वस्तुनिष्ठता तेवढीच आहे, गैरसोयीचं ऐकून घेण्याची तयारी. काकूचा परिच्छेद खोडून ती येणार नाही. काकूच्या मनातलं तुला न आवडणारं उत्तर लिहून घेतलंस, तर येईल. समजा काकू म्हणाली, पिशवी काढली ते बरं झालं, दर महिन्याचा त्रास गेला, खाडा पडायचा थांबला, तर तू काय करशील? समजा मुकादम निघाला तुमच्याच गावचा, वीस वर्षांपूर्वी स्वतः ऊस तोडणारा, आणि कारखान्याकडून घेतलेली उचल बुडून कर्जात गेलेला, तर? समजा एखादी बाई म्हणाली, उचल मिळाली म्हणून पोरीचं लग्न झालं, मुकादमाला नावं ठेवू नका? ही वाक्यं तुझ्या वहीत आली पाहिजेत, आणि तुझ्या रागाइतक्याच ठळक अक्षरात.

रागाबद्दल लिहायला हवं, कारण तुझं पत्र त्यानं भरलेलं आहे आणि तो योग्य आहे. बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा गवगवा झाल्यावर 2019 साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. म्हणजे तुझी काकू एकटी नाही. राग आलेल्या माणसाला शास्त्र जमत नाही असं तुला कोणी म्हणालं, तर समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइसचं नाव सांग. अमेरिकेत हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय, 1895 साली. फिलाडेल्फियाच्या एका वस्तीत त्यानं सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती घरोघर फिरून गोळा केली, कारण त्याला वाटायचं, लोक वाईट वागतात ते अज्ञानामुळे, खरी माहिती समोर ठेवली की वागणं सुधारेल. 1899च्या एप्रिलमध्ये तो अटलांटात शिकवत होता. जॉर्जियात सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय मजुराला जमावानं हालहाल करून, जाळून मारलं. ड्यू बॉइस एक संयमी निवेदन लिहून वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाला. वाटेत कोणीतरी सांगितलं, की होजच्या बोटांची हाडं याच रस्त्यावरच्या एका दुकानात मांडून ठेवली आहेत. तो तिथूनच माघारी फिरला. लोक असे मारले जात असताना थंड डोक्याचा, अलिप्त शास्त्रज्ञ होऊन राहता येत नाही, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं.

पण पुढच्याच वर्षी त्यानं काय केलं बघ. 1900च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी हातानं रंगवलेले तक्ते तयार केले. कृष्णवर्णीयांपैकी जमीन किती जणांकडे, शाळेत किती, धंद्यात किती. लाल, हिरवे, पिवळे पट्टे, प्रत्येक आकडा तपासलेला. रागावल्यावर त्याची मोजणी ढिली झाली नाही. आज ते तक्ते पाहिले तरी तो राग जाणवतो आणि एकही विशेषण लागत नाही.

आता तुझ्या मित्राकडे वळते. त्याच्या म्हणण्याला मोठा आधार आहे, तो त्याला ठाऊक असो वा नसो. 2002 साली राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी भारतातल्या सामाजिक शास्त्रांना विचारलं होतं, की तुमच्याकडे समता कितपत आहे? एका बाजूला सिद्धांत मांडणारे, दुसऱ्या बाजूला अनुभव आणि आकडे पुरवणारे, आणि ही विभागणी जातीच्या रेषेवरच होते, असं त्यांनी दाखवून दिलं. मला ते वाचताना लागलं होतं, कारण मी पहिल्या बाजूची. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक सुंदर सरुक्कई यांनी पुढे त्यांच्याशी वाद घातला, अनुभव ज्याचा त्याची मालकी आणि तो अनुभव मांडणाऱ्याचं लेखकपण यांतला फरक उकलला, आणि 2012 साली दोघांनी मिळून पुस्तक काढलं. मतभेद असूनही एका पुस्तकात शेजारी बसणं आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून त्या दोघांबद्दल मला विशेष आदर आहे.

पण मित्र गुरूंच्या पुढे जातो आणि तिथे घसरतो. गुरूंची मागणी आहे, की अनुभव घेणाऱ्यानं सिद्धांतही मांडावा. मित्र म्हणतो, दुसऱ्या कोणी मांडूच नये. मग तुझंच काय होईल? टोळीत तुझ्या जातीच्या नसलेल्या बायका असतात. खानदेशातून येणाऱ्या भिल्ल बायका असतात. त्यांचं तू भोगलेलं नाहीस. गेल ऑम्व्हेट मिनियापोलिसला जन्मल्या, विद्यार्थी चळवळींच्या अमेरिकेत वाढल्या, इथे येऊन त्यांनी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला, तो 1976 साली ग्रंथरूपानं आला. त्या पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्याच होऊन गेल्या. इथल्या विद्यापीठांनी ज्या कागदपत्रांकडे पाठ फिरवली होती ती त्यांनी उघडली. बाहेरून आल्या म्हणून त्यांना ते दिसलं असेल, आणि अमेरिकेतला वर्णद्वेष पाहून आल्या म्हणूनही. त्याही कुठेतरी उभ्या राहूनच बघत होत्या.

माझं स्वतःचंही सांगते. बँकेतल्या कारकुनाची मुलगी मी, आणि माझा एम.फिल.चा विषय होता पुण्यातल्या वस्त्यांमधल्या घरकाम करणाऱ्या बायका. चाळीस मुलाखती घेतल्या. प्रत्येक घरात गेले की बाई लगबगीनं घरातली एकुलती एक खुर्ची पुढे करायची, फडक्यानं पुसायची, आणि स्वतः जमिनीवर बसायची. मी खुर्चीवर बसून वही उघडायचे. चाळीसच्या चाळीस उत्तरं जमिनीवरून खुर्चीला दिलेली आहेत. ‘बाई चांगल्या आहेत, सांभाळून घेतात’ असं बहुतेकींनी सांगितलं, आणि मी ते निष्कर्षात लिहिलं. याहून मोठी चूक वेगळीच होती. आमच्या घरी अकरा वर्षं भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी एकही प्रश्न विचारला नाही. त्या रोज सकाळी मागच्या दारानं यायच्या, त्यांचा कप वेगळा असायचा, आणि मी आत बसून घरकामगारांवरचा प्रबंध लिहायचे. कोणाही परीक्षकानं मला याबद्दल छेडलं नाही, कारण तेही माझ्यासारख्याच घरांतून आले होते. माझ्या प्रबंधावर ‘वस्तुनिष्ठ’ असा शेरा मिळाला.

म्हणून मॅडमच्या लाल शाईवर मी जरा रागावले. जवळ असणं लगेच दिसतं आणि शेरा मिळवतं. लांब असणं कोणाला दिसत नाही.

जवळच्या विषयावर काम करायचं कसं, याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला धडा समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दियोचा आहे. हा माणूस फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या बेआर्नमधला, 1930चा जन्म. घराणं कुळं म्हणून शेती करणाऱ्यांचं, वडील पोस्टात लागले. मुलगा हुशार, पॅरिसच्या सर्वांत नामांकित संस्थेत गेला, आणि आपल्या बोलण्यातला गावाकडचा हेल लपवत राहिला. 1955 साली लष्करी सेवेसाठी त्याला अल्जीरियात पाठवलं. तिथे त्यानं कबाईल शेतकऱ्यांचा अभ्यास केला आणि मग तीच नजर घेऊन तो आपल्या मुलखात परतला. एका जुन्या वर्गमित्रानं शाळेतला फोटो दाखवला आणि बोट फिरवत गेला, याचं लग्न व्हायचं नाही, याचंही नाही, याचंही. जवळजवळ निम्मा वर्ग.

नाताळात गावात नाच असतो. बुर्दियो तिथे उभा राहून बघतो. मध्यभागी तरुण पोरं, पोरी आणि शहरातून आलेले नोकरदार नाचताहेत. कडेला, भिंतीशी, तिशी ओलांडलेले शेतकरी उभे आहेत. डोक्यावर बेरे टोपी, अंगात जुन्या पद्धतीचा गडद सूट. नाचायला पुढे होत नाहीत, जातही नाहीत. मध्येच नाचणाऱ्यांकडे एक पाऊल सरकतात, पुन्हा मागे. हे कोण? बहुतेक घरचे थोरले मुलगे, ज्यांच्या नावावर जमीन यायची. एकेकाळी ज्यांना आधी मुली सांगून यायच्या, तेच आता बिनलग्नाचे राहिले. मुलींनी शहराच्या मापानं नवरा मोजायला सुरुवात केली आणि शेतात राबून जड झालेली चाल त्या मापात बसेना. वाईट हे, की त्या पुरुषांना स्वतःलाही आपलं अंग आता गावंढळ वाटू लागलं. 1962 साली आलेल्या या लेखापासून बुर्दियोचा पुढचा सगळा विचार उलगडतो. वर्ग आपल्या चालण्याबोलण्यात, अंगात कसा मुरतो, हा. (आपल्याकडे शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत हे आज गावोगाव ऐकतो. त्यावर असा लेख मराठीत कोणी लिहावा, असं मला फार वाटतं.)

तिथे तो ‘माझं दुःख’ लिहीत नाही. त्यानं घरांची रचना, वारसा, हुंडा, लग्नांची नोंद, सगळं मोजलं. मुलाखतींना वडील बरोबर असायचे, त्यामुळे लोक मोकळे झाले. गावाला त्यानं खोटं नाव दिलं. आणि या सगळ्याच्या आधी तो दूर कुठेतरी जाऊन आला होता, म्हणून त्याला नेहमीचा नाच नवलाचा वाटू शकला. तूही एकदा तुझ्या गावापासून लांब जा. पाथर्डीकडच्या किंवा जतकडच्या टोळीबरोबर पंधरा दिवस राहा, जिथे तुला कोणी अमक्याची लेक म्हणून ओळखत नाही. मग घरच्या फडावर ये.

बाकी कामाचं पटापट सांगते. आधी स्वतःचं सगळं लिहून काढ. चार हंगामांची खोपी, आजी, काकू, सगळं, जेवढं येईल तेवढं. ते प्रबंधात घालायचं नाही, वेगळ्या वहीत ठेवायचं. मग त्याच वहीतले तुला समजावून सांगावे न लागलेले शब्द काढ. कोयता, उचल, खाडा, वाढं (उसाचे हिरवे शेंडे), खोपी. एकेका शब्दासमोर लिही, यात कोण मोजलं गेलं आणि कोण नाही. मालिनोव्स्कीसारख्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाचीही अशी खासगी डायरी होती. ती 1967 साली छापली गेली तेव्हा जगाला कळलं, की ट्रोब्रिआंड बेटांवरच्या लोकांबद्दल एवढ्या समजुतीनं लिहिणारा माणूस मनात त्यांच्यावर किती चिडायचा. त्यानं ती चीड जिवंतपणी कोणाला दाखवली नाही. तू तुझी पद्धतीच्या प्रकरणात दीड पान देऊन सांग. मी कोण, माझ्यासाठी कोणती दारं उघडली, कोणत्या बायका माझ्यासमोर गप्प बसल्या आणि का. दीड पान पुरे. तिथून पुढे बायकांना बोलू दे.

मुकादम, चिटबॉय (कारखान्याचा चिठ्ठ्या देणारा माणूस), शेतकरी यांच्या मुलाखती टाळू नकोस. तुला त्यांचा राग आहे म्हणूनच त्या घे. आणि आईची मुलाखत तू घेऊ नकोस. एखाद्या मैत्रिणीला घ्यायला सांग, आणि तू खोपीबाहेर थांब. आई तिला काय सांगते ते नंतर वाच.

मॅडमशी भांडू नकोस. आपल्या इरावतीबाई कर्वे 1928 साली बर्लिनला ऑइगन फिशरकडे शिकायला गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतला फरक आणि वंशाची श्रेष्ठता यांचा संबंध जोडणाऱ्या कल्पना फिशरच्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत होत्या, आणि फिशर त्यांचा मार्गदर्शक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, संबंध सापडला नाही, तसं लिहिलं आणि डॉक्टरेट घेऊन परतल्या. वसाहतीतून आलेली एक बाई होती म्हणून त्यांना ते दिसलं असेल का, कोण जाणे. त्यांनी मार्गदर्शकासमोर ठेवली ती मापं. पुढे स्वतः पुण्यात जातींची मापं घेण्याचं काम त्यांनी बरीच वर्षं चालू ठेवलं, बर्लिनचं ते हत्यार त्यांच्याही हातातून सुटलं नाही. वारीत चालताना मात्र ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते हे त्यांना टोचलं, आणि ते त्यांनी मोजपट्टीशिवाय लिहिलं. तू मॅडमकडे काकूचा परिच्छेद परत घेऊन जाऊ नकोस. काकूच्या वयाच्या तीस बायकांना विचारून ये. शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली, सल्ला कोणी दिला, पैसे कुठून आले, नंतर किती दिवसांनी फडात उतरली. तीस उत्तरांच्या मध्ये काकूचं एक ठेव, नाव न देता. मला वाटतं, मॅडम ते खोडणार नाहीत.

तुझ्या प्रश्नावलीचा मसुदा तू पत्रासोबत जोडला आहेस. पहिला प्रश्न आहे, ‘तुमच्या घरात कोयते किती?’ तो काढ. त्या जागी लिही, ‘ऊसतोडीला घरातलं कोण कोण जातं? या वर्षीची उचल किती, आणि ती कोणाच्या हातात दिली?’ टोळी मार्चअखेर परतेल असं तू म्हणतेस. हाताशी दोन महिने आहेत.

तुझी,
ताई